इंजिन बदललंस, आणि ब्रेक?

वडिलांना साठाव्या वाढदिवसाला काय द्यायचं? घड्याळ, स्मार्टफोन की केरळची टूर? मी पप्पांच्या पस्तीस वर्षं जुन्या प्रीमियर पद्मिनीला नवंकोरं नाही, पण बऱ्यापैकी नवं इंजिन दिलं. तेही त्यांना न विचारता!

तर सुरुवात खंबाटकी घाटापासून करते. आमचं गाव साताऱ्याकडचं आणि राहायला आम्ही दापोडीत. दिवाळी, गावची यात्रा, चुलतभावांची लग्नं असं काहीही निघालं की पप्पा, आई, मी आणि दादा असे चौघं पांढऱ्या पद्मिनीत बसायचो. शिरवळपर्यंत गाडी अगदी शहाण्या मुलीसारखी चालायची. घाट लागला की मात्र टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागायचा. मग ठरलेलं वळण, ठरलेला कठडा, चाकामागे दगड आणि बॉनेटमधून निघणारी वाफ. पप्पा हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण अगदी सावकाश फिरवायचे आणि मी पाच लिटरचा कॅन धरून उभी. शेजारून सँट्रो, इंडिका, स्विफ्ट सुळकन निघून जायच्या. मागच्या काचेतून माझ्याच वयाची मुलं वळून वळून बघायची.

सातवीत असताना त्या कठड्यावर बसून मी मनातल्या मनात जाहीर केलं होतं, मोठी झाले की हिला असं इंजिन बसवीन की ही सगळ्यांच्या पुढं जाईल. बाकीच्या मुली डायरीत हीरोंचे फोटो चिकटवत होत्या आणि माझं हे असलं स्वप्न!

एसटीचा माणूस

दापोडी म्हणजे नक्की काय, हे पुण्यातल्या लोकांना सांगावं लागतं. हॅरिस पूल ओलांडला की आलीच. एका अंगाला सीएमईचा लष्करी पसारा, एका अंगाला रेल्वे, ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोचं स्टेशन आणि एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. पप्पा याच कार्यशाळेतून २०२१ मध्ये हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. त्याआधीची बरीच वर्षं विभागीय कार्यशाळेत इंजिनं खोलण्यात आणि जोडण्यात गेली.

दापोडीच्या कार्यशाळेत बसची बॉडी बांधतात. एखाद्या बसचा पत्रा थकला, पण चासी ठणठणीत असेल, तर त्याच चासीवर नवी बॉडी चढते. अशी 'जुनी' बस रंग लागून बाहेर पडली की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. इंजिनाची गोष्ट तर आणखी गंमतीची. एका बसचं थकलेलं इंजिन काढायचं, तयार असलेलं दुसरं बसवायचं आणि बस रस्त्यावर पाठवायची. काढलेलं इंजिन दुरुस्त होऊन पुढं तिसऱ्याच बसला जातं. पप्पा म्हणायचे, "इंजिन गाडीचं नसतं गं, एसटीचं असतं."

आता असा माणूस इंजिन बदललं म्हणून नाराज होईल, असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

ऐंशी घोडे

गणपती झाले आणि पप्पा महिनाभरासाठी गावाला गेले. घराचं छप्पर करायचं होतं, सोयाबीन काढायचं होतं. दिवाळीत त्यांचा साठावा वाढदिवस. माझ्याकडे दोन मोठ्या असाइनमेंटचं पेमेंट एकदम आलेलं (फ्रीलान्सरच्या आयुष्यात असं ग्रहण चार वर्षांतून एकदा लागतं). म्हटलं, हीच वेळ.

होमवर्कही केला होता बरं का. आपल्याकडे नवं इंजिन जुन्या गाडीत बसवण्याचा उद्योग खुद्द कंपन्यांनीच केलाय. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा १९८४ मध्ये आली, तेव्हा त्या भल्यामोठ्या गाडीत इंजिन होतं ॲम्बेसेडरचं. नुसतीच ऐट, दम नाही. पुढं तिला इसुझूचं १.८ लिटरचं जपानी इंजिन मिळालं आणि लोक तिच्याकडे आदराने बघायला लागले. नव्वदच्या दशकात तेच इंजिन ॲम्बेसेडरमध्येही गेलं. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरनेसुद्धा ११८ एनई काढली, ती फियाट १२४ च्या बॉडीत निसानचं इंजिन बसवून. म्हणजे अंगावर इटालियन कपडे आणि छातीत जपानी धडधड! कंपन्यांना चालतं, तर मला का नाही?

आमची पद्मिनी १९८८ ची. पप्पांनी १९९९ मध्ये सेकंडहँड घेतली. मुळात ही फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसी, कार्ब्युरेटरवालं, ताकद जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर. गिअर स्टिअरिंगवर.

दापोडीतल्याच एका गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रींनी आधी माझ्यामागे कोणी पुरुष माणूस येतोय का ते पाहिलं. कोणी आलं नाही म्हटल्यावर खुर्ची पुसून दिली. मी विचारलं, "दादा, पद्मिनीत नवं इंजिन बसेल?" ते म्हणाले, "ताई, बसवलं तर काय पण बसतंय!"

आणि त्यांनी बसवलंही. लष्कराच्या लिलावातून आलेल्या एका जिप्सीचं १.३ लिटरचं एमपीएफआय इंजिन. ताकद ऐंशी हॉर्सपॉवर, म्हणजे बरोब्बर दुप्पट. जिप्सीचं इंजिन पद्मिनीसारखंच लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवतं, म्हणून ते निवडलं. तरी एक इंजिन काढून दुसरं ठेवायचं, एवढं सोपं प्रकरण नव्हतंच. माउंटिंग वेल्डिंग करून नवी बनवली. जिप्सीचा पाच गिअरचा बॉक्स आला, पण त्याचा दांडा जमिनीवर. म्हणून पुढच्या सीटखालचा पत्रा कापून भोक पाडलं. प्रोपेलर शाफ्ट लेथवर कापून मापाचा केला. टाकीत इलेक्ट्रिक पेट्रोलपंप, डॅशबोर्डखाली इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याच्या वायरींचं जंजाळ, मोठा रेडिएटर, इलेक्ट्रिक पंखा. तीन आठवडे आणि माझे जवळजवळ सगळे पैसे.

जुनं इंजिन चेनब्लॉकला लटकत बाहेर आलं, तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, "हे ठेवायचंय का ताई?"

आमचा दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. ठेवू कुठं, गॅलरीत तुळशीशेजारी? म्हटलं, "भंगारात देऊन टाका." बिलातून साडेचार हजार कमी झाले आणि मी खूश झाले.

अकरा दिवसांची राणी

त्यानंतरचे अकरा दिवस मी काय जगले म्हणून सांगू! चावी फिरवली की एका झटक्यात स्टार्ट. चोक नाही, पंपिंग नाही, सकाळी सोसायटीतल्या काकांना धक्का मारायला बोलावणं नाही. जुन्या हायवेने तळेगावपर्यंत गेले, तर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी काही उसळली की शेजारचा पोलोवाला मुलगा दोनदा वळून बघत राहिला. कठड्यावरचा सगळा हिशेब चुकता!

त्याच दिवसांत, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ ची होती आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. सगळ्या पेपरांत काळ्यापिवळ्या गाडीचे हळवे फोटो आले होते. मी आमच्या गाडीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि लिहिलं, 'मुंबईत संपली, दापोडीत नव्याने जन्मली!' लाइक्सचा पाऊस पडला.

अकराव्या दिवशी संध्याकाळी बोपोडीकडून हॅरिस पुलावर चढले. रस्ता कधी नव्हे तो मोकळा. चौथा गिअर, पाय जरा जास्तच खाली. पुढच्या बसचे लाल दिवे लागले. मी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली, पण थांबेना. पुन्हा दाबला, तशी ती डावीकडे ओढली गेली. कठडा जवळ आला, बस जवळ आली आणि 'खण्ण' असा आवाज आला. हेडलाइट फुटला, बंपर आत गेला. कुणाला काही झालं नाही. बसचा कंडक्टर उतरून आला, माझा चेहरा बघितला आणि न भांडताच परत गेला. तेवढा पांढरा पडला असणार.

गाडी कशीबशी सोसायटीत लावली. दुसऱ्या दिवशी पप्पा येणार होते.

हवेत राहिलेला हात

मी भाषण तयार ठेवलं होतं. सरप्राइज, हॅपी बर्थडे वगैरे. पप्पांनी पिशवी खाली ठेवली, फुटलेला हेडलाइट पाहिला आणि "लागलं नाही ना कुणाला?" एवढंच विचारलं. मग बॉनेट उघडलं. बराच वेळ बघत राहिले. वेल्डिंगवरून बोट फिरवलं. कारागीर माणूस दुसऱ्याच्या कामाकडे बघतो, तसं. मला वाटलं, आता शाबासकी.

मग ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. त्यांचा डावा हात सवयीने स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याकडे गेला. दांडा नव्हताच तिथे. हात क्षणभर हवेत तसाच राहिला. चोवीस वर्षांची सवय होती ती.

"ब्रेक कुठले टाकलेस?"

"ब्रेक... तेच आहेत, पप्पा."

"चारी ड्रम?"

"हो."

त्यांनी चावी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. म्हणाले, "चाळीसच्या गाडीला चाळीसचे ब्रेक. तू घोडे दुप्पट केलेस आणि लगाम तोच ठेवलास."

नंतर कागदावर आकडेमोड करून दाखवली. वेग दुप्पट झाला, तर गाडी थांबवायला लागणारी ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ती सगळी उष्णता ब्रेकमध्ये जिरावी लागते. ड्रम तापले की त्यांची पकड सुटत जाते, आणि एका चाकाची पकड दुसऱ्यापेक्षा कमी झाली की गाडी एका बाजूला ओढते. हॅरिस पुलावर माझं नेमकं काय झालं, ते त्यांनी पूल न बघता सांगितलं.

"जुनं इंजिन कुठंय?"

मी सांगितलं. आईने स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबवला.

मला वाटलं, आता ते चिडणार, की ते इंजिन मी हाताने उघडलं होतं वगैरे. पण पप्पा वेगळंच बोलले. "डिसेंबरात आरसी संपतेय. आरटीओत काय दाखवणार?"

कागदावरची गाडी

इथे माझी मास कॉमची डिग्री उघडी पडली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९८८ च्या गाडीचं ते २०२३ मध्ये आलं. एप्रिल २०२२ पासून कारसाठी त्याचं शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलेलं. ते सोडा. तपासणीला चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवून बघतात. आमच्या गाडीतला इंजिन नंबर होता कुठल्या तरी फौजी जिप्सीचा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदललं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाड्यांच्या रचनेतल्या मनमानी बदलांवर बोट ठेवलं. काँटेसाचं इंजिन कंपनीने बदललं, तेव्हा तपशीलही कंपनीनेच बदलले. आज अशी गाडी विकायची, तर एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या संस्थेकडून ब्रेकसकट सगळं तपासून घ्यावं लागतं. एसटीत इंजिन बदलतात, पण जागी बसतं ते त्याच जातीचं आणि त्याची नोंद होते. माझ्या बदलाची नोंद फक्त इन्स्टाग्रामवर होती. अशा गाडीने हॅरिस पुलावर कुणाला उडवलं असतं, तर विमा कंपनीसमोर मी काय बोलणार होते? तो विचार आजही रात्री येतो.

थोडक्यात, पप्पांच्या वाढदिवसाला मी त्यांची गाडी भंगारात काढायची सोय करून ठेवली होती.

कुदळवाडी

मिस्त्रींनी भंगारवाल्याचा नंबर दिला. त्याने माल पुढं विकला होता, चिखलीजवळच्या कुदळवाडीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने बुलडोझर लावून कुदळवाडीतली ती दुकानं आणि गोदामं पाडली, पण २०२३ मध्ये ते पत्र्याच्या शेडचं एक अख्खं गावच होतं. प्लॅस्टिक, पुठ्ठा, ड्रम आणि लोखंडाचे ढीग. पप्पा आणि मी माझ्या ॲक्टिव्हावर. जाताना एक शब्द नाही.

दोन गोदामं झाली. तिसऱ्यात टेम्पोच्या गिअरबॉक्सच्या ढिगाखाली तीन इंजिनं पडलेली. पप्पा उकिडवे बसले, फडक्याने एकाच्या ब्लॉकवरचं काळं पुसलं आणि मला बोट लावायला सांगितलं. पत्र्यावर पंच मारलेले बारीक आकडे हाताला लागले. ५-०५. मे २००५ मध्ये त्यांनी इंजिन उघडलं होतं, तेव्हाची खूण. एसटीतली सवय, काम केलं की तारीख ठोकायची.

गोदामवाला म्हणाला, "नऊ हजार." कोथिंबिरीच्या जुडीसाठी मंडईभर फिरणारे पप्पा एक रुपया कमी करा म्हणाले नाहीत.

टेम्पोत इंजिन चढवताना ते पहिल्यांदा बोलले. "मला विचारलं असतंस, तर मी नको म्हटलं असतं."

"माहितीये."

"म्हणूनच नाही विचारलंस ना?"

टेम्पो सुरू झाला म्हणून बरं. मला उत्तर द्यावं लागलं नाही.

तुंबलेलं पाणी

पुढचा महिना दापोडीच्या त्या गॅरेजमध्ये एसटीचे तीन रिटायर्ड मिस्त्री जमायचे. पप्पा आणि त्यांचे दोन दोस्त. गॅरेजवाल्या दादांनी तक्रार केली नाही, उलट स्टुलावर बसून शिकत राहिले. बोअरिंग झालं, ओव्हरसाइझ पिस्टन पडले. आणि ब्लॉक साफ करताना एक गोष्ट सापडली. सिलिंडरच्या भोवती पाणी खेळायच्या वाटा क्षारांनी जवळजवळ बुजल्या होत्या. घाटात आम्ही मिळेल ते पाणी ओतायचो. बोअरचं, झऱ्याचं, हॉटेलच्या पिंपातलं. त्या पाण्याचे थर साचत गेले, पाणी फिरेना आणि गाडी आणखी तापायला लागली. तापली की आणखी पाणी!

म्हणजे माझ्या लहानपणीचा व्हिलन इंजिन नव्हतंच. त्याला म्हातारं म्हणायची घाई मी केली. पप्पाही ओशाळले. म्हणाले, "एसटीच्या एवढ्या गाड्यांचं पाणी बघितलं, घरच्याच गाडीचं राहिलं."

जिप्सीचं इंजिन अर्ध्या किमतीत परत गेलं. पत्र्याला पाडलेलं भोक बुजवायला बॉडी सेक्शनमधले काका आले. त्यांनी ॲल्युमिनियमचा तुकडा मापात कापून ओळीने रिव्हेट ठोकले. पद्मिनीच्या पायाखाली आता चौकोनभर एसटी आहे. ब्रेक मात्र पप्पांनी पूर्ण उघडले. नवे लायनर, नवी सिलिंडर, नवे पाइप. त्याचं बिल मी भरलं. खरं वाढदिवसाचं गिफ्ट तेच.

डिसेंबरात आरटीओत नंबरांवर कागद ठेवून पेन्सिल घासली गेली. सगळे आकडे जुळले. २०२८ पर्यंत निश्चिंती. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आमचीला २०३८ मध्ये पन्नास होतील. पप्पा म्हणतात, "तोवर हात लावू नकोस म्हणजे झालं."

तुम्हालाही आजोबांच्या गाडीत नवं इंजिन घालायचा किडा चावला असेल, तर मी नको म्हणणार नाही. मला काय अधिकार! फक्त क्रम उलटा करा. आधी कागद, मग ब्रेक, मग रेडिएटर, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. त्याहीआधी, गाडी ज्याची आहे त्याला विचारा.

यंदाच्या यात्रेला गाडी मी चालवत होते. खंबाटकी सेकंडमध्ये चढलो. स्विफ्ट, क्रेटा, काय काय पुढं निघून गेलं. आमचा तो कठडा आला आणि मागं गेला. काटा अगदी मधोमध. मी जिंकल्यासारखी पप्पांकडे पाहिलं. त्यांचं लक्ष काट्याकडे नव्हतंच, पुढच्या उताराकडे होतं. माथ्यावर आल्यावर मी गिअर बदलायला हात उचलला, तर म्हणाले, "थांब. ज्या गिअरमध्ये चढलीस, त्याच गिअरमध्ये उतर."